कारकुनांच्या कुळातील कल्लोळ

लिव्हरपूल नावाच्या विलायती बंदरात चार पोरांनी वाद्ये उचलली आणि उभ्या जगाची झोप उडविली, ही हकिकत सर्वश्रुत आहे. परंतु ज्या वस्तीला समुद्र नाही, गोदी नाही, खलाशांचे गुत्ते नाहीत, आणि जिच्या चार-पाच पिढ्यांचा योगक्षेम जमाबंदी, नकलनवीशी, शिक्षकी पेशा व पोस्टातील बचतखाते यांवर चालत आलेला आहे, अशा सात्त्विक वस्तीच्या नशिबी रॉक बँड असू शकतो काय, या प्रश्नाकडे विद्वानांनी अद्याप लक्ष पुरविलेले नाही. आम्हांस ते पुरविणे भाग पडले. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्याच्या नशिबी तो आहे, आणि वर्षातून निदान दोनदा, एकदा गणपतीत व एकदा नवरात्रात, तो आमच्या खिडकीखालून जातो. तो जात असताना लक्ष अन्यत्र पुरविण्याची सोय नसते.

ब्राह्मणपारा हा रायपुरातील जुना मोहल्ला. एका अंगाला कंकाली तलाव, दुसऱ्या अंगाला तात्यापारा, जवळच आझाद चौक. अरुंद गल्ल्या, लांब ओटे आणि त्या ओट्यांवर सायंकाळी भरणारी, कोणताही ठराव संमत न करता उठणारी मंडळे. घरात मराठी, ओट्यावर छत्तीसगढी, कचेरीत हिंदी आणि राग अनावर झाल्यास इंग्रजी, अशी येथील महाराष्ट्रीय कुटुंबांची भाषाव्यवस्था आहे. आपण येथे कसे आलात, असे या कुटुंबांना विचारले असता ती विनयाने भोसल्यांचे नाव घेतात. १७४१ साली नागपूरकरांचे सरदार भास्करपंत फौज घेऊन रतनपुरावर चालून आले, १७५८ पासून बिंबाजी भोसल्यांनी तेथे बसून छत्तीसगढचा कारभार केला, आणि तलवारीपाठोपाठ दौत येते या न्यायाने लिहिणारी, मोजणारी व शेरे मारणारी मंडळी या प्रांतात आली. १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले तेव्हा धनी बदलला, दौत बदलली नाही. वास्तविक आमच्यापैकी पुष्कळांचे पूर्वज बिंबाजींच्या लवाजम्यातून नव्हे, तर त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी आगगाडीच्या तिसऱ्या वर्गातून आले. परंतु सोयरीक जमविताना घोड्यांचा उल्लेख अधिक शोभतो.

या मंडळींनी केलेली कामे लहान नाहीत. माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक चालू केले आणि पुढे दासबोध व गीतारहस्य हे दोन्ही ग्रंथ हिंदीत नेले. त्या मासिकाचे प्रकाशक वामनराव लाखे यांनी या प्रदेशात सहकाराची मुळे रुजविली, व त्यांच्या नावाची लाखेनगर ही वस्ती आजही आहे. या दोघांपैकी कोणीही ढोल वाजविल्याचा पुरावा मात्र दप्तरात सापडत नाही. ब्राह्मणपाऱ्याच्या आवाजाचा पहिला भरभक्कम दाखला मिळतो तो १९३० च्या सत्याग्रहात, जेव्हा येथील बलीराम आझाद यांनी पोराटोरांची वानरसेना जमविली आणि गल्लीबोळांतून घोषणा घुमू लागल्या. सरकारची झोपमोड करणे हा त्या सेनेच्या कार्याचाच एक भाग होता. आजच्या सेनेचे राजकीय उद्दिष्ट तितके स्पष्ट नाही; झोपमोडीची वहिवाट मात्र अखंड चालू आहे.

रीतसर, म्हणजे विलायती नमुन्याचा रॉक बँड काढण्याचा प्रयत्न येथे झालाच नाही असे नाही. आमच्याच घराण्यातील एका चिरंजीवांनी अभियांत्रिकी महाविद्यालयात असताना तीन मित्र जमवून गच्चीवर असा बँड स्थापन केला होता. त्याला इंग्रजी नाव होते, आणि मृत्यू, राख व काळोख या तीन गोष्टींपैकी दोन त्या नावात होत्या. चौघांनीही केस वाढविले. चौघांच्याही मातोश्रींनी ते दिवाळीच्या अभ्यंगापूर्वी कापविले. गिटार हप्त्यांनी आली, ड्रमचा संच भाड्याने आला, समाजव्यवस्थेविषयी अत्यंत कठोर उद्गार असलेले एक गीतही रचले गेले, आणि त्या गीताची तालीम ऐन रंगात आली असता खालच्या मजल्यावरच्या आजींनी “पोरं केव्हाची ओरडून राहिलीत, घसा कोरडा पडला असेल” असे म्हणून ताकाचा तांब्या वर पाठविला. ज्या बंडखोरास बंड चालू असताना ताक मिळते, त्याचे बंड फार दिवस टिकत नाही. गायकाला बंगळुरास नोकरी लागली, ड्रमवाला स्पर्धापरीक्षेच्या शिकवणीस बसला, आणि गिटार दिवाणखान्यात पणजोबांच्या तसबिरीशेजारी टांगली गेली. पाहुणे तिच्याविषयी विचारतात, पणजोबांविषयी कोणी विचारीत नाही.

तात्पर्य, आमचा रॉक बँड गच्चीवरून खाली उतरला नाही. तो नागपूरच्या रस्त्याने, मेटाडोरीवर उभा राहून आला. त्याला धुमाल म्हणतात. (धुमाळ आडनावाच्या सद्गृहस्थांचा या प्रकरणाशी काही संबंध नाही, त्यांनी निर्धास्त असावे.)

ज्या वाचकांनी धुमाल पाहिला नसेल त्यांच्यासाठी त्याचे वर्णन करतो. ज्यांनी ऐकला असेल त्यांना वर्णनाची गरज नाही, आणि ज्यांनी तो जवळून ऐकला असेल त्यांना आम्ही काय म्हणतो आहो ते ऐकूच येणार नाही. एक मालवाहू गाडी असते. तिच्यावर जनरेटर, एकावर एक चढविलेल्या ध्वनिपेट्या, लोखंडी कांबींचे मचाण, रंगीत दिवे आणि दर्शनी भागावर ताफ्याचे नाव. त्या नावात बहुधा पॉवर, स्टार अथवा किंग यांपैकी एखादी पदवी व पुढे दुर्ग, भिलाई अगर नागपूर असा मूळ गावाचा दाखला. मचाणावर कॅसिओवाला, त्याच्या लगत पॅडवाला, आणि सभोवार, काही गाडीच्या कठड्याला रेलून व काही खाली रस्त्यावर, ढोल, ताशे, झांजा वाजविणारे तरुण. सर्वांच्या अंगात एकसारखे चकचकीत सदरे. रॉक संगीताच्या समीक्षेत ‘स्टेज’ या वस्तूला मोठे महत्त्व आहे. आमच्या बँडचे स्टेज ताशी अर्धा किलोमीटर वेगाने पुढे सरकते आणि मागे धूर सोडते, एवढाच काय तो फरक.

आता याची कुंडली. नागपुरात सूफी संत ताजुद्दीन बाबांच्या उरुसात संदलची मिरवणूक निघते. बाबा १९२५ साली निवर्तले. त्यांना वेड्यांच्या इस्पितळातून सोडवून आपल्या वाड्यात सन्मानाने ठेवून घेणारे गृहस्थ म्हणजे रघुजीराव भोसले, अर्थात पुन्हा भोसलेच. त्या मिरवणुकांत चादरीपुढे जो ताफा वाजतो त्यालाही नागपूरकर संदलच म्हणतात, आणि त्याच घराण्यातील ताफे गणपतीपुढे व वरातीपुढे वाजू लागले, ते धुमाल. म्हणजे उरुसातले वाजप, गणरायाची मिरवणूक आणि ब्राह्मणांचा पारा, असा हा त्रिवेणी संगम असून राष्ट्रीय ऐक्याच्या परिषदांना जे साधत नाही ते येथे एका जनरेटरवर साधलेले आहे.

परंतु हा ताफा नागपुराहून तीनशे किलोमीटर पूर्वेकडे आमच्याकडेच का वळला? याचे उत्तर आम्हांस महसुली इतिहासात सापडते. १९५६ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत रायपूर जिल्हा ज्या मध्यप्रदेशात मोडत होता त्याची राजधानी नागपूर होती. रायपुरात केलेला अर्ज नागपुरास जाई, तेथे कोणीतरी त्यावर ‘चौकशी व्हावी’ असा शेरा मारी आणि तो जमेल तेव्हा परत येई. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला व आमचे अर्ज भोपाळची वाट चालू लागले. २००० सालच्या १ नोव्हेंबरला छत्तीसगढ राज्य होऊन राजधानी आमच्या दाराशीच आली. सरकारी कागदांनी नागपूरचा रस्ता सोडला. सोयरिकींनी, संत्र्यांनी आणि वाजंत्र्यांनी सोडला नाही.

याहूनही जवळचा धागा आहे, आणि तो आमच्या कुळाला विशेष लाजविणारा आहे. या ताफ्यांचा सूर प्रारंभी ज्या वाद्याने धरला त्याला लोक बँजो म्हणतात. अमेरिकेतल्या बँजोशी त्याचे नावापलीकडे नाते नाही. हे बुलबुलतरंग, आणि त्याचे मूळ जपानात आहे. १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता नावाच्या गृहस्थाने तारा ताणलेल्या एका लांबट पेटीवर टंकलेखन यंत्राच्या धर्तीच्या कळा बसविल्या आणि तायशोगोतो नावाचे वाद्य सिद्ध केले. तेच समुद्र ओलांडून हिंदुस्थानात आले, नाव पालटून मेळ्यांत शिरले, आणि पुढे त्याला ध्वनिवर्धकाची जोड मिळताच मुंबईच्या चाळींपासून नागपूरच्या मोमिनपुऱ्यापर्यंत मिरवणुकांचा प्रधान गायक होऊन बसले. मुंबईतल्या बँजो पार्ट्यांवर रवी जाधव यांनी २०१६ साली ‘बँजो’ नावाचा हिंदी चित्रपट काढला आणि रितेश देशमुख यांच्या हाती हे वाद्य दिले. त्या चित्रपटाने वाद्याची कीर्ती फारशी वाढविली नाही, परंतु आमच्या मोहल्ल्यातील टंकलेखकांना प्रथमच आपला एक आतेभाऊ पडद्यावर दिसला. ज्या कळांवर बोटे बडवून ब्राह्मणपाऱ्याच्या तीन पिढ्यांनी ‘विषयांकित प्रकरणी विनंती की’ अशी वाक्ये उमटविली, त्याच जातीच्या कळांवर बोटे बडवून कोणी नाचाचे गाणे उमटवीत असेल, तर तक्रार कोणाकडे करावी?

बँजोला पुढे कॅसिओने पेन्शनीत काढले. येथेही नियतीने आमची पाठ सोडली नाही. कॅसिओ ही जपानी पेढी मुळात गणनयंत्रे तयार करणारी. १९५७ साली तिने विजेवर चालणारे आपले पहिले गणनयंत्र विकावयास काढले आणि १९८० पासून ती सुरांच्या पेट्या करू लागली. इतकेच नव्हे, तर १९८१ मध्ये तिने एक असे यंत्र आणले की ज्याच्यावर बेरीजही करता येई आणि गाणेही वाजविता येई. हिंदुस्थानच्या अवाढव्य लेखाविभागात त्या यंत्राचा सुळसुळाट झाला नाही, ही करदात्यांची पूर्वपुण्याई. पण ध्यानात घ्या: आमचा रॉक बँड आधी टंकलेखकाच्या टेबलावरून उठला, नंतर हिशेबनिसाच्या टेबलावर जाऊन बसला. समुद्र नसलेल्या वस्तीत हा प्रकार कसा उत्पन्न झाला, या आमच्या मूळ प्रश्नाचा निकाल येथेच लागतो. लिव्हरपूलला बंदर होते. आम्हांला कचेरी होती.

धुमालपूर्वी येथे काही शांतता नांदत होती, असा समज परगावच्या वाचकांनी करून घेऊ नये. छत्तीसगढच्या लग्नांत व उत्सवांत गंडवा बाजा वाजे, व आजही खेड्यांत वाजतो: दफडा, टिमकी, निशान आणि या सर्वांवर स्वार होऊन रडणारी व रडविणारी मोहरी. त्यातील निशान हे लोखंडी कढईवर कातडे चढविलेले दणकट वाद्य असून त्याला काही ठिकाणी बारशिंग्याची शिंगे बसवितात, तेव्हा त्याला सिंगबाजा असे म्हणतात. विलायतेत केस मोकळे सोडून, कातडी परिधान करून आणि बोटांची शिंगे दाखवून जे संगीत गेली पन्नास वर्षे अतिशय बंडखोर समजले जाते, त्याची कातडी आणि शिंगे ही दोन्ही अंगे आमच्याकडच्या वरातीत कधीच प्रविष्ट झालेली होती, आणि तीही खरी. वाजविणाऱ्यांस मात्र वरातवाल्यांनी गावकुसाच्या कडेलाच ठेवले, ही गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नाही. धुमालच्या चकचकीत सदऱ्यात कोणाची जात कोणती हे चटकन ओळखू येत नाही, हा त्या सदऱ्याचा एक गुण आम्ही मोकळ्या मनाने नोंदवितो. त्याचा रंग तरीही क्षम्य नाही.

आता प्रत्यक्ष प्रयोगाकडे वळू. अनंत चतुर्दशीला गणपतीचे विसर्जन करून महाराष्ट्र मोकळा होतो. रायपूर मोकळे होत नाही. येथे चतुर्दशी उलटल्यावर एकदोन दिवसांनी झांक्यांची रात्र असते. झांकी म्हणजे गाडीवर उभारलेला पौराणिक देखावा, ज्यात यंत्राच्या साह्याने देव शस्त्र उगारतात आणि दैत्य नियमित कालांतराने मरतात. राजनांदगावात जागून आलेल्या झांक्याही या रात्री आमच्यात सामील होतात, आणि ही सारी मिरवणूक शारदा चौक, जयस्तंभ, मालवीय रोड, कोतवाली, सदर बाजार, कंकालीपारा, पुरानी बस्ती, लाखेनगर असे मुक्काम करीत महादेवघाटाच्या दिशेने, खारून नदीच्या काठी जाण्यास निघते. प्रत्येक झांकीपुढे तिचा धुमाल. दोन झांक्यांमधील अंतर कमी झाले की दोन धुमाल समोरासमोर येतात, आणि मग पुढे जे घडते त्याला संगीतशास्त्रात जुगलबंदी व फौजदारी शास्त्रात दंगा असे म्हणता येईल. निवाडा कोणत्या शास्त्राने करावयाचा हे बंदोबस्तावरील अंमलदाराच्या स्वभावावर अवलंबून असते.

प्रारंभ नेहमी भक्तिभावाने होतो. कॅसिओवाला आरतीची चाल संथपणे धरतो, ओट्यांवरच्या वृद्ध स्त्रिया नकळत हात जोडतात, आणि ज्यांनी खिडक्या लावून घेतलेल्या असतात त्यांना आपण उगाच घाई केली असे वाटू लागते. दुसऱ्या कडव्यात ताशा डोळा मारतो. तिसऱ्यात आरतीचे काय झाले ते समजत नाही. चाल वेगाने एका हिंदी चित्रपटगीताच्या अंगणात शिरते, तेथून नवरात्रातल्या जसगीताकडे धावते, वाटेत एका कव्वालीला सलाम करते आणि थेट छत्तीसगढी लोकगीतावर येऊन थडकते. ‘दिल्ली ६’ या २००९ च्या चित्रपटात ‘ससुराल गेंदा फूल’ हे जे गीत आहे ते मूळ छत्तीसगढचे; ते येथून मुंबईस गेले, तेथे नवी वस्त्रे लेऊन देशभर गाजले, आणि परत आले तेव्हा कॅसिओवर बसून. माहेरी आलेल्या मुलीचे जसे स्वागत व्हावे तसे त्याचे होते, म्हणजे शेजारच्यांना जेवण जात नाही. मग सर्वांत घातक क्षण येतो. सारे वादक एकाच मात्रेवर एकदम थांबतात. त्या अर्ध्या क्षणात कुत्री, तान्ही बाळे आणि रक्तदाबाचे रुग्ण यांना वाटते की सुटलो. त्यानंतर ढोल पडतो. फडताळातल्या पितळी डब्यांची झाकणे, देवघरातली घंटा आणि ज्यांना कवळी आहे त्यांची कवळी या सर्वांनी त्या ठेक्यास साथ देण्याचे पूर्वीच ठरविलेले असते.

नाचणाऱ्यांत सर्व हुद्द्यांचे लोक असतात. बँकेतले एक अधिकारी केवळ उजव्या हाताची तर्जनी वर करून नाचतात. उरलेले शरीर कर्ज नामंजूर करतानाच्या अवस्थेत स्थिर असते. संस्कृतचे एक निवृत्त अध्यापक नाचत नाहीत. ते गर्दीत उभे राहून मात्रा मोजतात आणि ठेका चुकला की कपाळावर आठी घालतात. स्त्रिया पूर्वी गच्चीवरून पाहत. आता त्या खाली येतात आणि पुरुषांहून चांगल्या नाचतात, ही गोष्ट सर्वांना दिसते व तिच्याविषयी कोणी बोलत नाही. पंधरा वर्षांची जी पोरे एरवी दळण आणावयास सांगितले तर पाय दुखतात म्हणून सांगतात, ती मालवीय रोडपासून लाखेनगरापर्यंत उलट्या दिशेने, वाद्यांकडे तोंड करून नाचत जातात.

लेखापरीक्षण खात्यातून निवृत्त झालेले आमचे एक शेजारी या कल्लोळाचे जुने प्रतिवादी आहेत. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम त्यांना मुखोद्गत आहेत: निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल; दिवस म्हणजे सकाळी सहा ते रात्री दहा; दहानंतर ध्वनिवर्धक बंद; राज्य सरकारने सणासुदीसाठी सवलत दिलीच तर वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस, आणि तीही मध्यरात्रीपर्यंत. मर्यादेपेक्षा आवाज दहा डेसिबलनी वाढला की नागरिकास रीतसर तक्रार करता येते. ही तक्रार ते दरसाल आपल्या जुन्या टंकलेखन यंत्रावर तयार करतात. यंत्राच्या आवाजाने त्यांच्या सौभाग्यवती जाग्या होतात, परंतु त्या आवाजाविषयी नियमांत तरतूद नाही. एकदा त्यांच्या अभियंता जावयाने त्यांना डेसिबलचे गणित समजावून सांगितले. दर दहा डेसिबलला आवाजाची शक्ती दसपट होते, आणि नव्वद डेसिबलची एक गाडी व नव्वद डेसिबलची दुसरी गाडी एकत्र वाजल्या तर बेरीज एकशेऐंशी होत नसून त्र्याण्णव होते, हे ऐकून त्यांचा चेहरा उतरला. “मग बाकीचा आवाज कोणाच्या खात्यात जमा दाखवला?” असा त्यांचा सवाल होता, आणि हिशेबातील ही तफावत त्यांनी अद्याप मान्य केलेली नाही.

जावयानेच त्यांच्या मोबाइलमध्ये आवाज मोजण्याचे साधन बसवून दिले, आणि तेथे प्रकरणाने वेगळे वळण घेतले. आता ते झांक्यांच्या रात्री वही घेऊन गॅलरीत बसतात व प्रत्येक ताफ्यापुढे आकडा टिपतात. परवा त्यांच्या स्वरात आम्हांला खेद जाणवला. “भिलाईवाले यंदा गळाठले हो,” ते म्हणाले, “मागच्या सालापेक्षा दोन कमी.” पोरांशी त्यांचा समोरासमोरचा संघर्षही असाच विफल होतो. ते काठी टेकीत खाली उतरतात, तोच चार पोरे धावत येऊन “पांय लागी, कका” म्हणून त्यांच्या पाया पडतात, आणि आशीर्वाद दिलेल्या हाताने लगेच फौजदारी दाखविणे त्यांना प्रशस्त वाटत नाही. तरी ते “बस करा” म्हणतातच. त्यावर “बस, एक ठन गाना अउ, कका,” असे अत्यंत आर्जवी उत्तर मिळते. हे उत्तर खोटे नसते. धुमालमध्ये गाण्यांना सांधे नसतात. एकातून दुसरे, दुसऱ्यातून तिसरे निघत जाते, आणि त्या अर्थाने संबंध रात्रीत एकच गाणे वाजलेले असते.

आवाजाच्या चढाओढीत विलायतेतही याहून निराळे काही घडलेले नाही. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल नावाच्या ड्रमवादकाचे वाद्यांचे दुकान होते; १९६२ साली त्याने ध्वनिवर्धक तयार करावयास घेतले, आणि ‘द हू’ या बँडच्या पीट टाउनशेंडने त्याच्याकडे हट्ट धरून आठ कर्ण्यांची एकच प्रचंड पेटी करविली. ती उचलताना हमालांचे कंबरडे मोडू लागले, म्हणून ती दुभागून चार-चार कर्ण्यांच्या दोन पेट्या एकावर एक ठेवण्याचा तोडगा निघाला; रॉकच्या स्टेजवर दिसणारी ती सुप्रसिद्ध उतरंड म्हणजे वास्तविक हमालांच्या तक्रारीवर काढलेला एक प्रशासकीय तोडगा आहे. याच बँडने १९७६ साली लंडनच्या चार्लटन मैदानावर ३२ मीटर अंतरावर १२६ डेसिबलचा विक्रम नोंदविला. आमच्या शेजाऱ्यांना हा आकडा सांगितला तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग, मोजणी कोणी केली आणि प्रतिस्वाक्षरी कोणाची होती, असे त्यांनी विचारले.

याच टाउनशेंडच्या कानांत पुढे कायमची गुणगुण बसली, आणि त्याने ती जाहीरपणे सांगितली. इकडे मुंबईत धोबी तलावाजवळच्या रंगभवनात रॉकचे मोठे जलसे होत. सभोवार इस्पितळे व महाविद्यालये, त्यामुळे ते शांतता क्षेत्रात आले आणि तिथले ध्वनिवर्धक बंद पडले. रॉकप्रेमी अजून हळहळतात. रुग्ण हळहळत असतील असे वाटत नाही. या बाबतीत आमचा कौल रुग्णांकडे आहे. मात्र धुमाल आणि डीजे यांना एकाच तराजूत तोलणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. डीजेच्या गाडीवर पेट्या असतात, दिवे असतात आणि कळ दाबणारा एक तरुण असतो, जो कळ दाबून झाल्यावर वडापाव खातो; ते यंत्र थकत नाही, चुकत नाही, आणि खाली कोण नाचते आहे याची त्याला खबर नसते. धुमाल माणसे वाजवितात. ताशेवाल्याच्या बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळलेल्या असतात, आणि पहाटे त्या पट्ट्यांखाली काय झालेले असते ते आम्ही पाहिले आहे. समोर कोणी म्हातारी ठेक्यावर डुलू लागली तर ढोलवाला तिच्यासाठी लय उतरवतो. समोरचा जमाव मरगळला तर कॅसिओवाला चाल बदलतो. आणि केव्हातरी, यंत्राला जे कधीच शक्य नाही, ते त्यांना शक्य होते: ती पोरे दमतात आणि चहासाठी थांबतात. ज्या संगीताला चहाची गरज लागते त्याच्याशी ब्राह्मणपाऱ्याचा समझोता होऊ शकतो.

म्हणून आगामी उत्सवासाठी वर्गणीची पावतीपुस्तके छापण्यापूर्वी मंडळांच्या चिटणीसांनी आमच्या या अर्जाचा विचार करावा. डीजे आणू नये, धुमाल आणावा. बयाणा देतानाच पेट्यांचे थर किती असावेत हे कागदावर लिहून घ्यावे, आणि झांकी निघण्याची वेळ अशी ठरवावी की ब्राह्मणपाऱ्यातून ती मध्यरात्रीच्या आत पुढे जाईल. वादकांसाठी कानांत घालावयाचे बोळे औषधाच्या कोणत्याही दुकानात मिळतात. त्यांचा खर्च फुलांच्या खर्चापेक्षा कमी येतो व तो मंडळाने सोसावा. आणि ठरलेल्या रकमेपैकी जी बाकी असेल ती दुसऱ्या दिवशी या, असे न सांगता, महादेवघाटावर त्याच रात्री रोख चुकती करावी.